कंट्रोलर खाली ठेवल्यावर: गेमच्या गोष्टींची मालिका करण्यामागचा इतिहास

1980 साली आलेल्या ‘पॅक-मॅन’ या गेममध्ये गोष्ट म्हणावी असे काही नव्हतेच. एक पिवळा गोल चक्रव्यूहात फिरतो, ठिपके गिळतो आणि चार भुतांना चुकवतो, एवढाच सारा व्यवहार होता. तरीही सप्टेंबर 1982 मध्ये हॅना-बार्बेरा या कंपनीने त्यावर बेतलेली कार्टून मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर आणली. व्हिडिओ गेमवर आधारलेली टीव्हीवरची ही पहिली मालिका होय. भाग भरायचे तर माणसे हवीत, म्हणून लेखकांनी पॅक-मॅनभोवती बायको, मूल, कुत्रा, मांजर असा संसार उभा केला आणि भुतांच्या डोक्यावर एक खलनायक बसवला. गेमकडून नाव आणि रूप घ्यायचे, बाकीचे पदरचे घालायचे, ही रीत इथून पडली आणि ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक मालिका तिच्यावरच चालल्या.

ही रीत सर्वांत चांगली साधली ती ‘पोकेमॉन’ला. 1996 च्या मूळ गेममध्ये पोकेमॉन नावाचे अद्भुत प्राणी पकडून त्यांच्या झुंजी लावायच्या असतात. त्यात नायक एक शब्दही बोलत नाही, कारण तो नायक म्हणजे खेळणारा स्वतःच असतो. सुरुवातीचा सोबती तीन पोकेमॉनमधून निवडायचा, हा निर्णयही त्याचाच. 1997 साली जपानमध्ये सुरू झालेल्या मालिकेने या निवडीचा पेच फार सुंदर सोडवला. तिचा नायक उशिरा उठतो, तो पोहोचेपर्यंत तिन्ही पोकेमॉन इतरांनी नेलेले असतात आणि त्याच्या वाट्याला चौथाच, काहीसा हट्टी पिकाचू येतो. त्यामुळे कोणत्याही खेळणाऱ्याची निवड चुकीची ठरली नाही. पुढे 1998 मध्ये पिकाचूला नायकाच्या मागे चालवणारा नवा गेमच आला, म्हणजे मालिकेने मूळ गेमला उलट काही दिले.

अडचणीचे रूप बदलले ते गेममध्येच सविस्तर कथा येऊ लागल्या तेव्हा. आता पदरचे घालण्याची गरज उरली नाही, आणि तिथेच खरी कसोटी सुरू झाली. गेममधली कथा पानावर उतरवली की ती बहुधा साधीच दिसते. तिला वजन येते ते खेळणाऱ्याच्या हातामुळे, म्हणजे त्याने किती वेळा हार पत्करली, कुठे रेंगाळला, कोणाला वाचवता आले नाही, यामुळे. टीव्हीपुढे बसलेल्या माणसाच्या हातात यातले काहीच नसते.

‘हेलो’चा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 2001 च्या त्या अंतराळयुद्धाच्या गेमचा नायक, मास्टर चीफ नावाचा सैनिक, आपला चेहरा दाखवत नाही. खेळणारा त्याच्याच डोळ्यांनी जग पाहतो, त्यामुळे शिरस्त्राणाआड कोण आहे हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्यावरचा चित्रपट 2006 मध्ये निर्मितीआधीच बारगळला, मालिकेची घोषणा 2013 मध्ये झाली आणि ती प्रत्यक्ष पडद्यावर यायला 2022 उजाडले. तिच्या पहिल्याच भागात चीफने शिरस्त्राण काढले आणि अनेक जुने चाहते दुखावले. मला मात्र यात निर्मात्यांची अडचण खरी वाटते. ज्याचे डोळे कधीच दिसत नाहीत, अशा माणसाच्या मनातली घालमेल प्रेक्षकापर्यंत भागामागून भाग पोहोचवायची कशी? दोन सीझननंतर, 2024 मध्ये, ती मालिका थांबली.

या साऱ्या प्रश्नांची सर्वांत विचारपूर्वक उत्तरे 2023 मध्ये एचबीओवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ने शोधली. क्रेग मेझिन यांच्यासोबत मूळ गेमचे लेखक नील ड्रकमन स्वतः मालिका घडवत होते. 2013 च्या गेममध्ये बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगातून जोएल हा माणूस एली या संसर्ग न होणाऱ्या मुलीला घेऊन निघतो. तिथे हा संसर्ग हवेतल्या बीजाणूंनी पसरतो आणि पात्रे ठिकठिकाणी मुखवटे चढवतात. गेममध्ये ते खपून जाते, पण मालिकेत मुखवटा म्हणजे नटाचा अभिनयच झाकणे. म्हणून तिथे बीजाणूंच्या जागी बुरशीचे तंतू आले. बिल या पात्राचे गाव गेममध्ये मुख्यतः सापळे आणि मारामारी यांचा टप्पा आहे. त्याचा साथीदार फ्रँक आपल्याला भेटतो तो मेलेलाच, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून. मालिकेने हा टप्पा जवळजवळ पुसून टाकला आणि तिथे त्या दोघांच्या सहजीवनाचा सव्वा तासाचा भाग उभा केला. खेळणाऱ्याला हाताने करण्यासारखे जे होते ते काढून घेतले, तर त्या जागी पाहण्यासारखे काही ठेवावे लागते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

सगळेच असे बदलून मिळत नाही. गेमच्या अखेरीकडे जोएल आणि एली एका उंच जागेवरून खाली चरणारा जिराफांचा कळप पाहतात. तिथे घड्याळ नसते. खेळणारा स्वतः बटण दाबून पुढे निघेपर्यंत ती दोघे कठड्याला टेकून उभीच राहतात. वाट पाहत असलेले संकट माहीत असताना कितीतरी जण तिथे विनाकारण थांबले असतील. मालिकेत खरा जिराफ आणून तो प्रसंग देखणा चित्रित झाला आहे, पण तो कधी संपवायचा हे संकलक ठरवतो. हॉस्पिटलमधल्या शेवटाचेही तसेच आहे. गेममध्ये एलीला वाचवण्यासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला मारल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही आणि ते कृत्य आपल्याच हातून घडते. मालिकेत आपण साक्षीदार उरतो. दुःख दोन्हीकडे आहे, अपराधाची बोच मात्र एकाच ठिकाणी.

मूळ कथानकाला हात न लावण्याचा मार्गही काहींनी निवडला. 2021 च्या ‘आर्केन’ने ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या दोन संघांच्या सामन्यांच्या गेममधली पात्रे घेऊन सामन्यांच्या आधीचा काळ रंगवला. 2024 च्या ‘फॉलआउट’ने गेमचे अणुयुद्धानंतरचे जग तेवढे घेतले आणि त्यात नवी माणसे सोडली. ज्या गेममध्ये खेळणाऱ्यागणिक शेवट बदलतो, त्याच्यासाठी हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण एखादा शेवट खरा मानला की बाकीच्यांनी मेहनतीने गाठलेले शेवट खोटे ठरतात.

‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या गेमपुढे मात्र हा मार्ग खुला नव्हता. 2020 च्या त्या गेममध्ये ॲबी नावाची तरुणी जोएलची हत्या करते आणि अर्धा गेम आपण एली होऊन तिचा सूड घ्यायला निघतो. मग कथा तीन दिवस मागे जाते आणि तेच दिवस आपल्याला ॲबी म्हणून जगावे लागतात. जिचा द्वेष केला तिचीच पावले आपल्या हातात येतात. 2025 च्या मालिकेने ॲबीच्या हत्येमागचे कारण, म्हणजे हॉस्पिटलमध्ये मारला गेलेला डॉक्टर तिचा बाप होता हे, सुरुवातीलाच सांगून टाकले, कारण नुसत्या पाहणाऱ्याचा राग इतका लांबवणे जोखमीचे होते. सात भागांचा तो सीझन नेमका त्या वळणावर, ॲबीचा पहिला दिवस उजाडताना, संपला. खेळणाऱ्याच्या हाती ॲबीचा पहिला दिवस थोड्याच वेळात येतो. प्रेक्षकाला त्यासाठी पुढच्या सीझनची वाट पाहावी लागते, आणि तोवर ॲबीविषयीचा राग तसाच मनात राहतो.