नव्वदीच्या नसलेल्या आजी

इंदुरात रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर, पोह्यांच्या तेलाचे डाग पडलेला एक छापील कागद वर्षानुवर्षे फिरतो आहे : ‘नव्वद वर्षांच्या रेजिना ब्रेट यांचे आयुष्याचे ४५ धडे’. धडे त्यांचेच आहेत. वय मात्र धादांत खोटे आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या ‘द प्लेन डीलर’ या दैनिकात तेव्हा स्तंभ लिहिणाऱ्या ब्रेट यांचा जन्म १९५६चा असून, चाळिशीत स्तनाच्या कर्करोगातून वाचल्यावर, पंचेचाळिसावा वाढदिवस गाठताना त्यांनी ही यादी लिहिली आणि पन्नाशीला तीत पाच धडे वाढवले. पुढे कोणीतरी वय परस्पर दुप्पट केले असावे. पांढऱ्या केसांपुढे आपणही लगेच मान डोलावतो. ठेवणीतल्या चादरी आजच वापराव्यात, हा त्यातला धडा निवांत म्हातारपणाचा नव्हे, तर मरण जवळून पाहिलेल्या मध्यमवयीन बाईचा आहे.