सिनसिनीचा मूळपुरुष आणि वंश बुडण्याचं गणित

पानिपतानंतर जीव वाचवून परत निघालेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा देणारा भरतपूरचा सूरजमल आपल्याला माहीत असतो. त्याआधी सात वर्षं, १७५४ मध्ये, त्याच्याच कुम्हेरच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता आणि तिथे अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर मारले गेले, हेही आठवतं. सूरजमल जाट होता इथपर्यंत आपली माहिती येऊन थांबते. जाटांत मात्र पुढचा प्रश्न लगेच येतो: गोत (म्हणजे गोत्र, कूळ) कुठलं? सूरजमलाचं गोत सिनसिनवार.

या घराण्याचा परंपरेने दावा आहे की आपण यदुवंशी, म्हणजे श्रीकृष्णाच्या कुळातले. हल्ली अशा प्रत्येक दाव्यापाठोपाठ 'डीएनए काढा, सिद्ध होईल' हे वाक्य येतंच. ताडून पाहायला श्रीकृष्णाच्या डीएनएचा नमुना कुठे जपून ठेवला आहे, एवढं एकदा विचारून घ्यावं. पण या गोताची दुसरी एक कथा आहे, आणि ती खरोखरच तपासता येण्याजोगी आहे.

ती अशी. राजस्थानातल्या बयाना भागातल्या जादौन राजपुतांपैकी बालचंद नावाच्या पुरुषाने एक जाट स्त्री पळवून आणली. तिच्यापासून त्याला दोन मुलगे झाले. राजपूत भाऊबंदांनी त्यांना आपल्यात घेतलं नाही, म्हणून ते जाट झाले आणि डीगजवळच्या सिनसिनी या आपल्या गावावरून त्यांनी गोत लावलं. वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या तोंडची ही कथा. जीवशास्त्राच्या भाषेत तिचा अर्थ नेमका आहे: आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए जाट, बापाकडून आलेलं वाय गुणसूत्र जादौन. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्या मुलग्यांबरोबरच तो संपला. वाय मात्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. जादौनांचं राजघराणं करौलीला होतं. म्हणजे करौलीचे जादौन आणि सिनसिनीचे जाट यांची वाय गुणसूत्रं शेजारी ठेवायची, की झालं.

झालं मात्र नाही, आणि इथेच मला सगळ्यात आवडणारं गणित सुरू होतं.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञांनी एक कोडं जाहीरपणे घातलं. इंग्लंडातली नामांकित आडनावं एकामागून एक नाहीशी होत होती. लोक म्हणत, सुखवस्तूपणामुळे वंशाची शक्ती क्षीण होते. गाल्टन यांचा प्रश्न असा की, यात निव्वळ योगायोगाचा वाटा किती? हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्यांनी उत्तर काढलं. ते एका ठिकाणी फसलं होतं, पण रीत बरोबर होती, आणि ती आजही वापरतात.

समजा एका गावात एकमेकांशी काही नातं नसलेले १०० पुरुष आहेत. लोकसंख्या स्थिर आहे, म्हणजे प्रत्येकाला सरासरी एक मुलगा. सरासरी एक याचा अर्थ कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला एक आणि कुणाला फक्त मुली किंवा मूलच नाही. हे वाटप योगायोगाने झालं तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ जणांची पुरुषी शाखा तुटते. पुढची पिढी काढायची रीत: आतापर्यंत शाखा बुडण्याची जी शक्यता आली तिच्यातून १ वजा करायचा आणि २.७१८ चा तेवढा घात घ्यायचा. ०.३७ वजा १ म्हणजे उणे ०.६३, त्याचा घात ०.५३. दुसऱ्या पिढीअखेर ५३ शाखा गेल्या. हेच उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला: तिसऱ्या पिढीला ६३, पाचव्याला ७३, दहाव्याला ८४. पंधराव्या पिढीला १०० पैकी जेमतेम ११ शाखा उरतात. रोगराई नाही, लढाई नाही, कुणाचा शाप नाही. (निर्वंश झाला की घराण्याला शाप शोधण्याची आपल्याकडे भारी हौस. पंधरा पिढ्यांत १०० पैकी ८९ शाखा शापाशिवायच जातात.)

गावातली माणसं तेवढीच आहेत, म्हणजे उरलेल्या ११ शाखांची लेकरंच सगळं गाव भरून आहेत. गणित आणखी पुढे चालवलं तर शेवटी एकच शाखा राहते. त्या वेळी गावातल्या प्रत्येक पुरुषाचं वाय गुणसूत्र एकाच पूर्वजापर्यंत जाऊन पोहोचेल, आणि गाव अभिमानाने सांगेल की आम्ही सगळे एका मूळपुरुषाची लेकरं. पण तो पुरुष आपल्या काळात १०० जणांपैकी एक होता. त्याने गाव वसवलं नव्हतं, कदाचित त्याच्याकडे बैलजोडीही नसेल.

यात सत्ता मिसळली की वेग वाढतो. १६९० मध्ये आमेरचा (जुन्या जयपूरचा) राजा बिशनसिंह याच्या साथीने मुघलांनी सिनसिनीचा किल्ला घेतला, तेव्हा सिनसिनवार ही त्या मुलखातल्या अनेक जाट गोतांपैकी एक होती. मथुरेकडे कुंतल, सोघरला सोगरिया, आग्र्याकडे चाहर. मग १७२२ मध्ये आमेरच्याच सवाई जयसिंहाच्या पाठिंब्याने सूरजमलाचा बाप बदनसिंह जाटांचा म्होरक्या झाला. सूरजमलाने सोगरियांकडून जागा घेऊन भरतपूरचा किल्ला बांधला. बदनसिंहाला वीसाहून अधिक मुलगे होते. सरासरी एक मुलग्याच्या गणितात अशा एका घराने काय होतं ते सांगायला नको. डीग, कुम्हेर, भरतपूर आणि भोवतालची गावं या पट्ट्यात हे गोत दाट दिसतं, त्यामागे प्राचीन स्थलांतरापेक्षा तीन शतकांपूर्वीच्या जमिनीच्या वाटपाचा हात मोठा असणार, असं माझं मत आहे.

विखुरण्याची रीत लग्नाच्या नियमांतही आहे. स्वतःचं गोत, आईचं गोत आणि बऱ्याच ठिकाणी आजीचंही गोत टाळायचं. मुलगी परगावी जाते, मुलगा वडिलांच्या शेतावर राहतो. त्यामुळे वाय गुणसूत्रं गावागावांत साचून राहतात आणि बाकीचा डीएनए दर पिढीला साऱ्या मुलखात ढवळला जातो. वाय हा आपल्या डीएनएतला जेमतेम २ टक्के भाग. दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा बाकीच्या डीएनएतला वाटा सरासरी १०२४ पैकी १. 'गोताचं रक्त' म्हणतात ते एवढंच.

या नियमांना विज्ञानाचं प्रशस्तिपत्र लावायची घाई मात्र करू नये. आईचं गोत टाळल्याने मामेबहीण आपोआप टळते, हे खरं. पण खाप पंचायती (गोताच्या जातपंचायती) सगोत्र लग्नाला 'जनुकीय दोषा'ची भीती घालतात, तेव्हा आकडे बघावेत. दोघांचं सगळ्यात जवळचं नातं दहा पिढ्यांमागच्या एकाच जोडप्यातून असेल, तर एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती अपत्याला त्याच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सुमारे दहा लाखांत एक. मामेबहिणीशी लग्न केलं तर हीच शक्यता १६ त एक. आणि ते लग्न महाराष्ट्रात कित्येक समाजांत हौसेने होतं.

आता पुन्हा बालचंदाकडे. सिनसिनीत सगळ्यांचं वाय एकसारखं निघालं तरी कथा सिद्ध होत नाही, हे वरच्या गणिताने दाखवलंच. करौलीशी जुळलं तर? तेव्हा कधीपासून जुळतं हे बघावं लागेल. वाय गुणसूत्रातली सुमारे १ कोटी अक्षरं खात्रीने वाचता येतात, आणि एका शाखेत साधारण सव्वाशे वर्षांत त्यांपैकी एक अक्षर बदलतं. दोन शाखा ८०० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असतील तर दोन्हींकडचे मिळून सुमारे १३ फरक दिसायला हवेत. ३,००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असतील तर पन्नासाच्या आसपास. स्वस्तातल्या चाचणीत वायवरच्या सतरा ठिकाणी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो एवढंच मोजतात. तिच्यात दहा पिढ्यांमागे वेगळे झालेले दोघे बहुधा सारखेच दिसतील, नाहीतर एखादा फरक. तिच्यावर आठ शतकांचा इतिहास उभा करू नये.

जुळलंच नाही तर कथा खोटी, असंही म्हणता येत नाही. दत्तक मुलगा किंवा विधवेने दुसरं लग्न केल्यावर तिच्याबरोबर आलेलं लेकरू नव्या घराचं गोत लावू शकतं. पितृत्वाची साखळी दर पिढीला १ टक्का जरी निसटली, तरी पंधरा पिढ्यांत १४ टक्के शाखा वेगळ्या रक्ताच्या होतात. शिवाय गावाच्या नावावरून गोत पडलं की गावात स्थिरावलेला कुणीही ते लावू शकतो. आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांत हे पदोपदी दिसतं.

एकूण जाटांबद्दल याची झलक मिळाली आहे. २०१७ मध्ये डेव्हिड महाल आणि इयानिस मात्सूकास यांनी ३०२ जाट पुरुषांची वाय गुणसूत्रं पाहिली, तर नऊ वेगवेगळे हॅप्लोग्रुप, म्हणजे वायचे प्राचीन पितृवंश, निघाले. त्यांतल्या एल, आर, क्यू आणि जे या चारांतच नव्वद टक्क्यांहून अधिक माणसं होती, एकट्या एलमध्ये ३६.८ टक्के. एल आणि आर यांच्या वाटा चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या आहेत. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड यांनी जाटांना मध्य आशियातल्या गेटी या प्राचीन टोळीचे वंशज ठरवलं होतं, पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी शकांशी नातं जोडलं. एकाच टोळीतून सगळे आले असते तर एवढी सरमिसळ दिसली नसती.

सिनसिनवारांसाठी असा अभ्यास करायचा तर सिनसिनी आणि करौली एवढेच नमुने पुरणार नाहीत. सोघरचे सोगरिया, मथुरेचे कुंतल आणि बयान्याच्या आसपासचे इतर समाजही त्यात हवेत. कारण सिनसिनी, सोघर आणि करौली तिन्ही जुळले, तर बालचंद बाजूला राहील आणि त्या मुलखात पूर्वीपासून रुळलेला एखादा सामाईक पितृवंश हेच साधं स्पष्टीकरण उरेल.