कंपनीतून निवृत्त झालात? ईपीएस-९५ ची पेन्शन अर्ज केल्याशिवाय सुरू होत नाही

पीएफची रक्कम खात्यात जमा झाली की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात आणि पेन्शनचा अर्ज तसाच राहतो. "महिन्याच्या दोन-तीन हजारांसाठी कोण खेटे घालणार?" असंही ऐकायला मिळतं. पण कंपनीच्या १२ टक्के हिश्श्यातले ८.३३ टक्के दरमहा ईपीएस-९५ च्या, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५ च्या, फंडात गेलेले असतात. पैसे तुमच्या कामाचे आहेत, आणि तुमच्या माघारी पत्नीला मिळणारी पेन्शनही याच अर्जावर उभी असते. साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक, एसटी, एमआयडीसीतला कारखाना, नोकरी कुठलीही असो, पीएफ कापला जात होता आणि पेन्शन खात्यात भरणा होत होता तर पुढचं वाचा.

कोणाला मिळते?

वय ५८ पूर्ण आणि पेन्शनपात्र नोकरी १० वर्षं. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं झाली असतील तरी निराश होऊन पैसे काढून घेऊ नका. नोकरी एकाच कंपनीत झालेली असावी असंही नाही. मधेच नोकरी सुटली आणि १० वर्षं भरली नसतील, तर १०-सी अर्जावर पेन्शन फंडातली रक्कम उचलण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीची नोंद जपणारा दाखला, घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येतात. रक्कम उचलून टाकण्याची चूक फार जणांना महागात पडली आहे.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. अगदीच अडचण नसेल तर थांबा. उलट ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते.

किती मिळते?

शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार मात्र १५,००० रुपयांपर्यंतच धरतात, आणि १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांसाठी मर्यादा ६,५०० रुपयांची. त्या तारखेच्या आधी १० आणि नंतर १० वर्षं झालेल्या माणसाचे साधारण ९२८ अधिक २,१४२, म्हणजे ३,०७० रुपये होतात. शिवाय २० वर्षं पूर्ण करून ५८ ला निवृत्त होणाऱ्याला २ वर्षांची भर मिळते. जास्त पगारावर वर्गणी भरलेल्यांचा हिशेब वेगळा.

रक्कम तुटपुंजी आहे, हे खरंच. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. त्याआधीच, २०१३ मध्ये, भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभा समितीने ती ३,००० करावी असं सुचवलं होतं. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या ईपीएस पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची आहे, आणि ती रास्त आहे. पण लढा चालू असताना आज जे देय आहे ते सोडून देऊ नका.

अर्जाआधीची दुरुस्ती

अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. आधार, पीएफ खातं आणि बँक पासबुक यांत नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून कागद परत येतो. फरक असेल तर संयुक्त घोषणापत्र (तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज) द्या. जुन्या कंपन्यांची खाती सध्याच्या यूएएनमध्ये (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) वर्ग करून घ्या, आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का ते पाहा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतः पोर्टलवर नोंदवू शकतो. ई-नामांकनही, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, करून ठेवा. ही सगळी कामं निवृत्तीच्या वर्षभर आधी करा. तेव्हा कंपनीच्या ऑफिसात तुमचा शब्द ऐकणारं कोणीतरी असतं.

अर्ज आणि कागद

१०-डी, म्हणजे पेन्शन मागणीचा अर्ज, यूएएन पोर्टलवरून आधार ओटीपीने भरता येतो. कागदावर भरायचा असेल तर पती-पत्नीचे एकत्र फोटो, आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक, २५ वर्षांखालील मुलांचे जन्मदाखले आणि असल्यास स्कीम सर्टिफिकेट जोडा. अर्जावर कंपनीची सही-शिक्का लागतो. कंपनी बंद पडली असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

अर्ज रखडला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या पीएफ ऑफिसच्या 'निधी आपके निकट' शिबिरात कागद घेऊन जा.

पेन्शन सुरू झाल्यावर पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक घरच्यांना दाखवून ठेवा. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, कोणत्याही महिन्यात देता येतो. बँकेत, पोस्टात किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून. तो पुढे १२ महिने चालतो.

पत्नीची पेन्शन

पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मी पेन्शन मिळते, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत. नोकरीत असतानाच सभासद गेला तर १० वर्षांची अट लागत नाही. एक महिन्याचा भरणा झालेला असला तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. तुमच्या गल्लीत, नात्यात असं घर असेल तर मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुक घेऊन त्या बाईंबरोबर पीएफ ऑफिसात जा.