दीर्घ कोविडमध्ये एरोबिक व्यायामाद्वारे पुनर्वसन

कोविड-१९ मधून उठल्यावरही महिनोन्‌महिने थकवा, धाप, धडधड, विसराळूपणा अशा तक्रारींनी ग्रासलेल्या रुग्णांचा दमसास परत मिळवण्यासाठी चालणे, स्थिर सायकल, पोहणे यांसारख्या व्यायामांचा मोजूनमापून केलेला वापर. या दुखण्याला आपल्याकडे बहुतेक जण लाँग कोविड किंवा नुसते ‘पोस्ट-कोविड’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणाऱ्या, किमान दोन महिने टिकणाऱ्या आणि दुसऱ्या कुठल्याही निदानाने उलगडा न होणाऱ्या तक्रारी यात मोडतात. व्याख्या ऐसपैस आहे. महिनाभर आयसीयूत काढून घरी आलेले साठीचे गृहस्थ तिच्यात बसतात, आणि दोन दिवस ताप येऊन घरच्या घरी बरी झालेली, पण पुढे जिना चढेनाशी झालेली तिशीतली शिक्षिकाही बसते. व्यायामाच्या बाबतीतला सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण पहिल्याला पायावर उभा करणारा उपाय दुसरीला अंथरुणाला खिळवू शकतो.

व्यायाम का सुचवला गेला. एरोबिक व्यायामात मोठे स्नायू लयीत आणि सलग काम करतात व त्यांना लागणारी ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. नियमित केल्यास हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) वाढतात. दीर्घकाळ पडून राहिले की यातले सगळे उलटे होते. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आणि हृदयविकाराच्या रुग्णांसाठी व्यायामावर आधारलेले पुनर्वसन कोविडच्या कितीतरी आधीपासून रुळलेले होते, त्यामुळे २०२० मध्ये फिजिओथेरपिस्ट मंडळींनी तेच हत्यार उचलले यात नवल नाही.

रुग्णालयात राहून आलेल्यांना त्याचा गुणही आला. चीनमध्ये, रुग्णालयातून सुटलेल्या पण धाप शिल्लक असलेल्या १२० जणांच्या चाचणीत निम्म्यांना स्मार्टफोनवरून सहा आठवडे घरी व्यायाम करायला लावला. सहा मिनिटांत चालता येणारे त्यांचे अंतर दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ६५ मीटरने जास्त वाढले. ब्रिटनमधील ‘रीगेन’ या चाचणीत (निष्कर्ष बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात, फेब्रुवारी २०२४) भरती होऊन सुटल्याला तीन महिने उलटलेले ५८५ प्रौढ होते. आठ आठवडे ऑनलाइन गटात व्यायाम आणि मानसिक आधार मिळालेल्यांचे जीवनमान सुधारले, पण फरक लहानच होता. याच नियतकालिकाने २०२४ च्या अखेरीस छापलेल्या २४ चाचण्यांच्या आढाव्यात एक उपयोगी गोष्ट पुढे आली: आठवड्यातून ३ ते ५ वेळा, ४ ते ६ आठवडे, मध्ये मध्ये थांबत केलेला एरोबिक व्यायाम सलग केलेल्या व्यायामापेक्षा शारीरिक क्षमतेसाठी बहुधा अधिक फायद्याचा ठरतो.

श्रमानंतरचा बिघाड. दीर्घ कोविडच्या बऱ्याच रुग्णांत श्रमानंतर सगळीच लक्षणे उसळून येतात. डॉक्टर याला पीईएम म्हणतात, रुग्ण ‘क्रॅश’ म्हणतात. हा बिघाड लगेच दिसत नाही ही त्यातली खरी अडचण. व्यायाम करताना आणि त्या संध्याकाळी माणूस ठीक असतो. साधारण १२ ते ७२ तासांनी अंग मोडून पडते, डोके चालेनासे होते, झोप लागूनही उतारा पडत नाही, आणि हे काही दिवस ते काही आठवडे टिकते. निमित्त व्यायामाचेच हवे असे नाही. केस धुणे, बँकेतली रांग, तासभराची व्हिडिओ मीटिंगही पुरते. रुग्णांनीच उभ्या केलेल्या एका ऑनलाइन सर्वेक्षणात (२०२१ मध्ये प्रसिद्ध) ५६ देशांतील ३,७६२ जणांनी भाग घेतला आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी असा बिघाड नोंदवला. सर्वेक्षणात मुळात त्रास असलेलेच जास्त येतात, हे धरूनही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

‘पडून राहिल्याने अंग आळसावले आहे, हलायला लागलात की सुटेल’ हा समज इथे अपुरा पडतो, याचा पुरावा स्नायूतच मिळाला. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी पीईएम असलेल्या २५ रुग्णांना आणि कोविडमधून पूर्ण बऱ्या झालेल्या २१ जणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. आठवडाभर आधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. रुग्णांत मायटोकाँड्रियाचे काम श्रमानंतर आणखी घसरले होते आणि स्नायूतंतू मेल्याच्या खुणा जास्त होत्या. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या या अभ्यासाने रुग्णांचे म्हणणे एकदाचे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

जुना वाद, नवे रुग्ण. एमई/सीएफएस या जुन्या थकव्याच्या विकारात ठरल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत, जीईटी, अनेक वर्षे चालली. तिला २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधील ‘पेस’ चाचणीचा मोठा आधार होता. त्या चाचणीच्या मोजमापावर रुग्ण आणि संशोधक यांनी वर्षानुवर्षे हरकती घेतल्या. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेतून जीईटी काढून टाकली; कोविडनंतरच्या थकव्याला ती सरसकट लावू नये असा इशारा तर जुलै २०२० मध्येच दिला होता. जागतिक फिजिओथेरपी महासंघाने जून २०२१ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आधी पीईएम तपासा, मग व्यायामाचे बोला, अशीच भूमिका घेतली.

प्रश्न निकालात निघालेला नाही. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी भरती न झालेल्या ३१ रुग्णांकडून तीन प्रकारचे व्यायाम एकेकदा करून घेतले (२०२४) आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांची लक्षणे निरोगी गटाच्या तुलनेत फारशी बिघडली नाहीत असे सांगितले. अशा निष्कर्षांकडे पाहताना दोन गोष्टी विसरू नयेत. तिसऱ्या दिवशी येणारा क्रॅश दोन दिवसांच्या मोजणीत सापडत नाही. आणि ज्याला बाथरूमपर्यंत जाणे जड आहे तो सायकल चालवायला प्रयोगशाळेत येतच नाही, म्हणजे सर्वांत आजारी माणूस चाचणीबाहेरच राहतो.

प्रत्यक्ष पद्धत. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत ट्रेडमिल दाखवत नाही, ‘काल जास्त दगदग झाली तर आज काय होते?’ असे विचारतो. पाठोपाठ चार गोष्टी नाहीत ना, याची खात्री करायची असते: पीईएम, हृदयाची इजा, चालताना ऑक्सिजन उतरणे आणि उभे राहिल्यावर नाडी भडकणे. हृदयाच्या स्नायूला सूज येऊन गेली असेल तर ३ ते ६ महिने जोराचा व्यायाम बंद असतो. ऑक्सिजनसाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी किंवा एक मिनिट खुर्चीतून ऊठबस पुरते. यातली पहिली महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे: २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने घरी उपचार घेणाऱ्यांना बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालायला सांगितले होते, आणि लोकांनी ते गच्चीवर, सोसायटीच्या आवारात केले.

पीईएम नसेल तर सुरुवात सपाटीवर ५ ते १० मिनिटे चालण्यापासून होते. चालताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. किती श्रम वाटतात हे रुग्णाने स्वतःच सांगायच्या ६ ते २० या बोर्ग मापावर ११ च्या आसपास थांबायचे. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ किंवा वेग, आणि तीही आधीचे दोन-तीन दिवस निर्विघ्न गेल्यावरच.

पीईएम असेल तर व्यायाम मागे पडतो आणि पेसिंग पुढे येते: अंगातली शिल्लक ओळखून तिच्या आतच राहणे, थकायच्या आधी थांबणे. काही जण मनगटावरच्या घड्याळात विसाव्याच्या नाडीपेक्षा १५ ठोके अधिक अशी मर्यादा लावतात. बीटा-ब्लॉकर हे नाडी मंदावणारे औषध चालू असेल तर हा आकडा फसवा ठरतो. रोज रात्री दोन ओळींची नोंद ठेवली, ‘सकाळी भाजी आणली, दुपारी फोन तीन’, की आठवडाभरात बिघाडाचा माग निघतो. इथे ‘रोज एक फेरी वाढव’ हा घरच्यांचा प्रेमळ आग्रह घातक ठरू शकतो.

उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी वाढत असेल आणि रक्तदाब फारसा उतरत नसेल तर पॉट्स या विकाराचा संशय घेतात. अशा रुग्णांचा व्यायाम आडवे किंवा बसून सुरू होतो: मागे रेलून चालवायची सायकल, रोइंग, पोहणे. उभ्याने चालणे काही आठवड्यांनी. जोडीला पाणी, डॉक्टरांनी संमती दिल्यास मीठ, आणि घट्ट मोजे.

भारतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या कोविडोत्तर सूचनांत योगासने, प्राणायाम, ध्यान आणि सकाळी किंवा संध्याकाळी झेपेल त्या गतीने चालणे होते. ‘झेपेल त्या गतीने’ एवढे शब्द पाळले गेले असते तरी बरेच साधले असते. संथ श्वसन आणि शवासन पेसिंगशी जुळते; सूर्यनमस्काराचे मात्र तसे नाही. भराभर वाकणे-उठणे पॉट्स असलेल्याला चक्कर आणते, आणि बारा घातले की पीईएमच्या रुग्णाचा तो अख्ख्या दिवसाचा खर्च होतो. आपल्याकडे आणखी एक हिशेब परदेशी तक्त्यांत सापडत नाही. स्वयंपाक, धुणी, लोकलचा उभ्याचा प्रवास आणि चौथ्या मजल्यावरचे घर हे सारे श्रमच आहेत, आणि बायकांच्या बाबतीत ते ‘काम’ म्हणून कुणी सांगतही नाही. ते मोजून झाले की कित्येकदा व्यायामासाठी जागाच उरत नाही. मग पहिल्या काही आठवड्यांत फिजिओथेरपिस्ट लिहून देतो ते ओट्याजवळ उंच स्टूल, बाथरूममध्ये खुर्ची आणि पोळ्या दोन वेळेऐवजी एकदाच लाटणे.