आम्लाची तीव्रता

आम्लाचे रेणू पाण्यात आपला प्रोटॉन किती प्रमाणात सोडून देतात, यावरून त्या आम्लाची तीव्रता ठरते. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक व परक्लोरिक आम्लांचे विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण विचरण होते, म्हणजे रेणू फुटून आयन बनतात, म्हणून ती तीव्र आम्ले होत. ॲसेटिक किंवा फॉर्मिक आम्लाचे मोजकेच रेणू विचरित होतात आणि बाकीचे अखंड राहतात, म्हणून ती सौम्य. संहत आणि विरल ही विशेषणे मात्र ठरावीक आकारमानाच्या द्रावणात आम्ल किती विरघळले आहे एवढेच सांगतात. सौम्य आम्लाचे संहत द्रावण आणि तीव्र आम्लाचे विरल द्रावण ही दोन्ही सहज तयार करता येतात. या दोन जोड्यांची गल्लत फार होते, आणि ती दूर झाल्याशिवाय सामू (आम्लता दाखवणारा pH अंक) किंवा अनुमापन (ज्ञात संहतीचे द्रावण थोडे थोडे मिसळून दुसऱ्यातील राशी मोजणे) यांचा अर्थ नीट उलगडत नाही.

एका शंकूपात्रात ०.१ मोलर (एका लिटरमध्ये ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचे २५ मिलिलिटर आणि दुसऱ्यात तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचे २५ मिलिलिटर द्रावण घेतले, तर पहिल्याचा सामू सुमारे १ आणि दुसऱ्याचा सुमारे २.९ भरतो, दुसऱ्या पात्रात जेमतेम १.३ टक्के रेणू विचरित झालेले असतात. मॅग्नेशियमची फीत टाकल्यास पहिल्यात बुडबुडे जोरात उसळतात, दुसऱ्यात ते संथपणे येत राहतात. असे असूनही ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेल्यास उदासिनीकरणासाठी दोन्ही पात्रांना नेमके २५ मिलिलिटरच लागते. कारण हायड्रॉक्साइड आयन जसजसे हायड्रोनियम आयन (प्रोटॉन घेतलेले पाण्याचे रेणू) वापरून टाकतात, तसतसा समतोल पुढे सरकतो आणि अखंड राहिलेले ॲसेटिक आम्लाचे रेणूही विचरित होत जातात. उदासिनीकरणाला किती आम्लारी लागेल हे आम्लाच्या एकूण राशीवर अवलंबून असते, तीव्रतेवर नाही.

तीव्रतेचा परिणाम दिसतो तो अनुमापनाच्या अंतिम बिंदूला. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत तेथे सामू ७ असतो. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत मात्र मागे उरलेला ॲसिटेट आयन स्वतः सौम्य आम्लारी असल्याने सामू सुमारे ८.७ असतो. म्हणून येथे फिनॉल्फथॅलीन हा दर्शक (सामूनुसार रंग बदलणारा पदार्थ) योग्य ठरतो. मिथिल ऑरेंजचा रंग त्याच्या कितीतरी आधीच बदलून गेलेला असतो.

द्रावणात आम्लांचे आयनांमध्ये विचरण होते ही कल्पना स्वांते अऱ्हेनियस यांच्या १८८४ च्या प्रबंधातून पुढे आली. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये विरलीकरणाचा नियम मांडून तिला मोजमापाची जोड दिली. ॲसेटिक आम्ल ०.१ मोलरवरून ०.००१ मोलरपर्यंत विरल केले, तर विचरणाचे प्रमाण १.३ टक्क्यांवरून सुमारे १२ टक्क्यांवर जाते, पण विचरण स्थिरांक (समतोलात आयनांच्या संहतींचा गुणाकार भागिले अखंड रेणूंची संहती) २५ अंश सेल्सियसला १.८ × १०⁻⁵ एवढाच राहतो. विरलीकरणाने न बदलणारी हीच राशी तीव्रतेचे खरे माप होय. सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये सुचवलेला सामू द्रावणाची त्या वेळची स्थिती सांगतो. संहती ठाऊक नसेल तर केवळ त्यावरून आम्ल तीव्र की सौम्य हे ओळखता येत नाही.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य आहे, कारण त्यातील हायड्रोजन-फ्लोरिन बंध फार बळकट असतो. तरीही ते काच खाते, आणि त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने प्राणघातक ठरू शकते.

ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतानुसार आम्ल प्रोटॉन देते आणि आम्लारी तो स्वीकारते, त्यामुळे तीव्रता स्वीकारणाऱ्या द्रावकावरही अवलंबून असते. पाणी हे तीव्र आम्लांचे प्रोटॉन इतक्या सहज घेते की त्यांच्यातील फरक झाकला जातो. शुद्ध ॲसेटिक आम्ल द्रावक म्हणून वापरल्यास परक्लोरिक आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा अधिक तीव्र असल्याचे स्पष्ट दिसते.