फिजिओथेरपीतलं क्लिनिकल रिसर्च, बडोद्याकडून बघताना

फिजिओथेरपीतलं क्लिनिकल रिसर्च म्हणजे व्यायाम, शेक, हाताने सांधा मोकळा करणं, लकव्यानंतर परत चालायला शिकवणं, तोल सांभाळायचा सराव, असले जे उपचार फिजिओ रोज करतात त्यांनी पेशंटला खरंच फरक पडतो का, पडला तर किती, आणि काहीच केलं नसतं तरी तो आपोआप पडलाच असता का, हे खऱ्या पेशंटवर, आधी कागदावर ठरवून ठेवलेल्या पद्धतीने तपासणं. पुनर्वसन, म्हणजे रिहॅबिलिटेशन, हे याच्यापेक्षा मोठं प्रकरण, त्यात स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, कृत्रिम पाय, घरातले बदल असं सगळंच येतं, पण रिसर्चची पद्धत बरीचशी तीच. बडोद्यात आमच्याकडची म्हातारी मंडळी या सगळ्याला एकच शब्द वापरतात, "शेक". दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी वाड्यात विचारा, आजी "शेकाला जाऊन आले" असंच सांगणार, मग तिथे शेक एक मिनिटही मिळाला नसेल आणि पाऊण तास मांडीचे व्यायामच करून घेतले असतील तरी.

हा विनोद वाटतो पण रिसर्चची पहिली अडचण हीच आहे. गोळीचं बरं असतं, ५०० मिलिग्रॅम म्हटलं की इंदूरला काय आणि लंडनला काय तेच ५०० मिलिग्रॅम. व्यायामाचा डोस कसा लिहायचा? किती वेळा, किती वजन लावून, कुणी उभं राहून करून घेतलं, पेशंटने घरी केलं की नुसतं "हो हो केलं" म्हटलं, हे सगळं डोसमध्येच येतं, आणि जुने पेपर वाचले तर बऱ्याच ठिकाणी "स्ट्रेंथनिंग एक्सरसाइज दिले" एवढ्या एका ओळीवर भागवलेलं असतं. आता त्यावरून दुसऱ्याने तोच उपचार करायचा कसा? म्हणून २०१४ साली टायडिअर नावाची १२ मुद्द्यांची यादी आली, उपचार काय, कुणी, कुठे, किती वेळा, ठरलेलं खरंच झालं का, हे सगळं लिहायला लावणारी.

तुलना कशाशी

कंबर धरलेला माणूस फिजिओकडे कधी जातो, तर अगदी सहन होईना तेव्हा. आणि सहन न होण्याच्या टोकावरून दुखणं बहुतेक वेळा खालीच येतं, तुम्ही काही करा नाही तर नका करू. त्यामुळे "माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना दोन आठवड्यांत आराम पडला" हे वाक्य खरं असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला पटवून देणं फार कठीण, मी प्रयत्न करून पाहिलाय. यावर उपाय म्हणजे दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, ना डॉक्टरच्या मर्जीने ना पेशंटच्या. औषधांच्या बाबतीत या पद्धतीचा गाजलेला नमुना म्हणजे १९४८ साली ब्रिटनमध्ये छापून आलेली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल. फिजिओथेरपीत आजही बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या म्हणजे खरोखरच्या चिठ्ठ्या असतात, नंबर घातलेली बंद पाकिटं, उजेडात धरली तरी आतलं दिसू नये अशा जाड कागदाची. कारण दिसलं की माणूस मोह आवरत नाही, बिचारा जास्त दुखतंय म्हणून चांगल्या वाटणाऱ्या गटात ढकलतोच.

दुसरी गोष्ट ब्लाइंडिंगची, म्हणजे कोणाला काय मिळालं हे लपवायची. गोळीसारखीच दिसणारी खोटी गोळी करता येते, खोटा व्यायाम कसा करणार? मशीनचं जमतं, अल्ट्रासाउंडचं (सोनोग्राफीचं नव्हे, उपचाराच्या मशीनचं) हेड कातडीवर फिरताना पेशंटला तसंही विशेष काही जाणवत नाही, त्यामुळे मशीन बंद ठेवून, दिवा तेवढा लावून, जेल लावून हेड फिरवलं तर कळायचं नाही. पण चालण्याच्या ट्रेनिंगमध्ये पेशंटलाही माहीत असतं आणि फिजिओलाही. म्हणून निदान मोजणारा माणूस तरी वेगळा ठेवायचा, ज्याला गट माहीत नाही. सिडनीहून १९९९ पासून चालणाऱ्या पेड्रो नावाच्या डेटाबेसमध्ये फिजिओथेरपीच्या ट्रायल्सना १० पैकी मार्क देतात, आणि व्यायामाच्या चांगल्यात चांगल्या ट्रायलचेही पेशंट आणि थेरपिस्ट ब्लाइंड नसल्याचे २ मार्क बहुधा जातातच, म्हणजे ८ मिळाले तर पोराने पेढे वाटावेत. (मोजणाऱ्याला गट माहीत नाही म्हणून ठेवलेलं असतं आणि पेशंटच बसल्या बसल्या सांगून टाकतो, "त्या ताईंनी पट्टी बांधून व्यायाम दिलाय ना, त्याने बरं वाटतंय". झालं.)

दुखणं मोजायचं म्हणजे

खरा गुंता इथे आहे. साखर रक्तातून कळते, दुखणं माणसाच्या तोंडूनच कळतं. सगळ्यात सोपी पट्टी ० ते १० ची, ० म्हणजे काही नाही आणि १० म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आमच्या शेजारच्या गुडघेदुखीवाल्या आजींना फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "बा, केटलुं दुखे छे? शून्यथी दस?" आजी घरात मराठी, बाहेर गुजराती, दोन्ही अस्खलित. त्या म्हणाल्या, "सात. नाही, थांब गं, सात परवा होतं, आज नात आलीये नाशिकहून, पाच लिही." मुलीने पाच लिहिलं. बरोबरच लिहिलं म्हणा, पण त्या पाचात गुडघा किती आणि नात किती हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार! म्हणूनच एखाद्या अंकाच्या फरकावर कोणी नाचत नाही, साधारण २ अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी दुखणं उतरलं तर पेशंटला ते खरंच जाणवतं असं धरतात. एवढा फरक पडला नसेल तर पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आली तरी पेशंटला त्याचं सोयरसुतक नसतं.

आकड्यात न मावणारं दुखणं शब्दांत पकडायचा प्रयत्न कॅनडाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी केला, १९७५ ची मॅगिल पेन प्रश्नावली, दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेले. (पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली गेट कंट्रोलची थिअरी, म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मणक्यातच अडवता येतो ही, मांडणारे हेच, ज्या थिअरीच्या जोरावर पुढे कातडीवरून हलका करंट देणारं टेन्सचं मशीन आलं.) आता हे भाषांतर करायला बसा. मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सणक वेगळी, ठुसठुस फोडाची, रग लागते ती वेगळीच, अंग मोडून येतं ते दुखणं धरायचं की नाही यावरच वाद होईल. गुजरातीत सणको आहे तो आपल्या सणकेचा भाऊच, पण कळतर म्हणजे आपली कळ नव्हे, ते अंगभर ठसठसणं, आणि बडोद्याची मराठी माणसं दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरतात. म्हणून प्रश्नावली नुसती भाषांतर करून चालत नाही, एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून बघायची, मग थोड्या पेशंटवर वापरून त्यांना काय समजलं ते विचारायचं.

भाषेपलीकडेही गाडी अडते. गुडघ्याच्या संधिवातासाठी वोमॅक नावाची कॅनडातलीच २४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते, त्यात मोजे घालताना त्रास होतो का, बाथटबमधून बाहेर येताना होतो का, असं विचारलंय. आजींनी जन्मात मोजे घातलेले नाहीत आणि टब फक्त सिरियलमध्ये पाहिलाय. त्यांचा त्रास कुठे, तर देवासमोर मांडी घालून बसताना, भारतीय संडासात उकिडवं बसून उठताना, आणि खाली बसून भाजी निवडल्यावर उठायला कोणाचा हात लागतो त्यात. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने वोमॅकचं भारतीय राहणीला जुळणारं रूप केलंय ते याचसाठी. माझं मत विचाराल तर इथे गुडघ्यावर जो कोणी थिसिस करतोय त्याने जमिनीवरून उठण्याचं मोजमाप घेतलंच नसेल तर अर्धा गुडघा राहिलाच.

बाकी मोजमापं त्यामानाने सरळ. गोनिओमीटरने सांधा किती अंश वाकतो ते बघतात, त्यात ५ अंशांची चूक धरूनच चालावं. टाइम्ड अप अँड गो म्हणजे खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, घड्याळ चालू. बर्ग स्केल तोलासाठी, १४ कामं, ५६ मार्क. सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टला मात्र ३० मीटरचा सरळ रिकामा कॉरिडॉर लागतो, आणि कुठल्याही सरकारी दवाखान्यात सकाळी ओपीडीच्या वेळी ३० मीटर रिकामा कॉरिडॉर शोधून दाखवा, मधेच स्ट्रेचर, मधेच डबा घेऊन आलेले नातेवाईक, पेशंट थांबला की आकडा गेला.

दोन ट्रायल्स, दोन धक्के

या क्षेत्रात आपल्याला जे उघड खरं वाटतं तेच खोटं निघतं, त्याची दोन ठळक उदाहरणं लकव्याची आहेत. ब्रेन स्ट्रोक झाल्यावर जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवावं तितकं चांगलं, असं सगळ्यांचंच मत होतं. अव्हर्ट नावाच्या ट्रायलमध्ये ५ देशांतले २१०४ पेशंट घेतले, एका गटाला २४ तासांच्या आत वारंवार बिछान्याबाहेर काढलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. २०१५ मध्ये निकाल आला तर तीन महिन्यांनी बरी स्थिती असलेले लवकर-आणि-जास्त गटात ४६ टक्के आणि नेहमीच्या गटात ५० टक्के. म्हणजे उलटंच. याचा अर्थ पेशंटला पडून राहू द्या असा अजिबात नाही, नेहमीच्या गटातले लोकही लवकरच उठत होते, पहिल्या दिवशी अति करू नका एवढाच.

दुसरी अटेंड, ती तर आपल्याच देशातली, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. कल्पना अशी की भारतात फिजिओ कमी आणि घरची माणसं भरपूर, तर घरच्यालाच हॉस्पिटलमध्ये शिकवायचं आणि व्यायाम त्यानेच घरी करून घ्यायचे. ऐकताना कोणाला आवडणार नाही! सहा महिन्यांनी मोजलं तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के, तसूभर फरक नाही. खूप लोक हळहळले, पण मला ही ट्रायल फार मोलाची वाटते, कारण हीच योजना न तपासता देशभर सुरू झाली असती तर आधीच रात्रभर जागणाऱ्या सुनेच्या गळ्यात आणखी एक काम पडलं असतं आणि पेशंट सुधारला नाही की "तू नीट करून घेतलं नाहीस" हेही तिनेच ऐकलं असतं.

बडोदं आणि कागदपत्रं

बडोद्याचा हाडा-सांध्यांशी संबंध जुना. गायकवाडी काळापासून चालत आलेलं दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर राजरत्न माणिकरावांच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते कुस्ती-मल्लखांबाइतकंच मोडलं-मुरगळलं बसवण्यासाठी प्रसिद्ध. जुन्या मराठी घरांत आजही पाय मुरगळला की आधी आखाडा आणि मग एक्स-रे असा क्रम असतो, जो मी कोणाला सुचवणार नाही. आजचं शिक्षण सयाजीराव जनरल हॉस्पिटलच्या, म्हणजे एसएसजीच्या, फिजिओथेरपी कॉलेजात आणि वाघोडियाकडच्या खाजगी विद्यापीठांत चालतं. एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, २ वर्षं आणि त्यात थिसिस सक्तीचा, त्यामुळे इथलं बरंचसं रिसर्च म्हणजे विद्यार्थ्यांचं रिसर्च. वेळ कमी, पैसे स्वतःच्या खिशातले, पेशंट तीस-चाळीस, आणि कधी कधी तर "निरोगी तरुण" म्हणून होस्टेलचीच पोरं. इतक्या छोट्या गटात मध्यम फरक सुटून जातो आणि चुकून दिसलेला फरक मोठा वाटतो.

आधी एथिक्स कमिटी, म्हणजे रिसर्चमध्ये पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणारी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांप्रमाणे तिच्यात ७ ते १५ माणसं, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि एक सामान्य माणूस हवाच, ज्याने "हे मला समजलं नाही" म्हणायचं. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत लागतं, आणि वाचता येत नसेल तर अंगठा आणि शेजारी तटस्थ साक्षीदार. बडोद्यात गुजराती आणि हिंदी कागद तयार असतात, मराठी क्वचित, कारण मराठी माणूस गुजराती बोलतोच असं गृहीत धरतात. बोलतो खरं, पण आमच्या आजींना गुजराती लिपी सुटी सुटी लावून वाचावी लागते, तीन पानं वाचेपर्यंत ओपीडी संपते, मग त्या म्हणतात, "तू चांगली मुलगी दिसतेस, कुठे सही करू?" कायद्याने ती संमती झाली. यानंतर सीटीआरआयवर नोंद, ही ट्रायल्सची भारताची सरकारी यादी २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, म्हणजे निकाल पाहून मग "आम्ही हेच मोजणार होतो" म्हणता येत नाही.

फॉलोअप हा शेवटचा आणि इथे सगळ्यात स्थानिक प्रश्न. आठ किंवा बारा आठवड्यांनी परत बोलवायचं असतं, आणि मधे नवरात्र आलं की अर्धी यादी गायब. रात्री दोनपर्यंत गरबा खेळून सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला कोण येतं? उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, तर शहरच गच्चीवर. न आलेल्यांना हिशेबातून काढून टाकलं तर उरतात ते शिस्तीचे, ज्यांना तसाही फरक पडला असता, म्हणून नियम असा की ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं, उपचार पूर्ण घेतला असो की नसो. त्या विद्यार्थिनीने आजींना तीन वेळा फोन केला, चौथ्यांदा घरी आली, तर आजी सोसायटीच्या गरब्यात खुर्ची टाकून न बसता वर्तुळात दोन फेऱ्या मारून आल्या होत्या आणि सेव उसळ खात बसल्या होत्या. फॉर्मवर दुखणं सहा, म्हणजे सुरुवातीपेक्षा एकने जास्त, आणि गरब्यासाठी त्या फॉर्मवर चौकटच नव्हती.