केल्टिक वृक्षपरंपरा

केल्टिक वृक्षपरंपरा : आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी व आइल ऑफ मॅन येथील केल्टिक भाषक समाजांत आणि त्याआधी प्राचीन गॉल (मुख्यतः आजचा फ्रान्स) व गलेशियात झाडांभोवती रूढ झालेल्या समजुती, विधी, कायदे व कथा. ही एकसंध व्यवस्था कधीच नव्हती. एका टोकाला रोमन लेखकांच्या नोंदी आहेत, तर दुसऱ्या टोकाला १९३७ ते १९३९ या काळात आयरिश शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वह्यांत उतरवलेली लोकविद्या. तरीही या दोन हजार वर्षांच्या सामग्रीत एक गोष्ट ठळकपणे दिसते : झाडाची जात कोणती यापेक्षा ते कुठे उभे आहे याला लोकांनी जास्त महत्त्व दिले. ‘ओक म्हणजे शक्ती, बर्च म्हणजे नवा आरंभ’ अशा आजच्या लोकप्रिय याद्यांत नेमके हेच हरवते.

प्राचीन उल्लेख : देवराईसाठी केल्टिक भाषांत ‘नेमेटॉन’ हा शब्द होता. आशिया मायनरमधील (आजचे तुर्कस्तान) गलेशियन केल्टांची तीनशे जणांची सभा ‘ड्रुनेमेटॉन’ येथे भरे, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. ब्रिटनमधील मोना (आजचे अँगलसी) बेटावरच्या देवराया रोमन सेनापती स्युटोनियस पॉलिनसच्या सैन्याने इ.स. ६० च्या सुमारास तोडल्याची नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. सर्वाधिक उद्धृत होणारे वर्णन मात्र रोमन लेखक थोरल्या प्लिनीचे. ओकवर वाढलेले मिसलटो हे बांडगूळ सापडले की चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड, म्हणजे केल्टिक पुरोहित, झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने ते कापतो, खाली पांढऱ्या कापडात झेलले जाते आणि दोन पांढरे बैल बळी दिले जातात, असे तो लिहितो. मिसलटो सफरचंद, लिंडेन, पॉप्लर या झाडांवर सहज वाढते, ओकवर क्वचितच. त्या दुर्मीळपणामुळेच सापडल्यावर एवढा सोहळा होत असावा. सोने मऊ असते, त्याने लाकूडसर देठ कापणे अवघड. म्हणून विळा सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा असावा, असा तर्क केला जातो. हे वर्णन गॉलपुरतेच आहे. आयर्लंडमध्ये मिसलटो मूळचे नाहीच, त्यामुळे तो विधी सरसकट सगळ्या केल्टांच्या माथी मारणे चूक ठरते.

कायद्यातील झाडे : झाडांचे सर्वांत काटेकोर वर्गीकरण एका कायद्यात मिळते. आठव्या शतकातील ‘ब्रेथा कोमाइथ्खेसा’ या शेजारसंबंधांवरील आयरिश कायद्यात २८ झाडे-झुडपे प्रत्येकी सातच्या चार वर्गांत विभागली आहेत. पहिला वर्ग ‘वनातील सरदार’ : ओक, हेझल, हॉली, यू, ॲश, पाइन आणि रानसफरचंद. दुसरा ‘वनातील कुळे’ : आल्डर, विलो, हॉथॉर्न, रोवन, बर्च, एल्म व रानचेरी. तिसऱ्यात ब्लॅकथॉर्न, एल्डर, ॲस्पेन, जुनिपर वगैरे आणि चौथ्यात नेचे, गोर्स, हेदर, ब्रँबल (रानटी ब्लॅकबेरी) अशी झुडपे येतात.

प्रतवारी उपयोगावर ठरली होती. ओक वरच्या वर्गात, कारण त्याच्या फळांवर डुकरे पोसली जात. हेझल काजूसारख्या फळांसाठी व कुडाच्या काठ्यांसाठी. यू घरातल्या भांड्यांसाठी. ॲश भाल्याच्या दांड्यांसाठी. दंडही वर्गानुसार. सरदार-वर्गातील झाडाला इजा केल्यास पाच ‘शेट’, म्हणजे अडीच दुभत्या गाईंइतके मोल. त्याखेरीज फांदी तोडली, मोठा फाटा तोडला की बुंधाच तोडला, त्यावर भरपाई चढत जाई. ओकची साल चामडे कमावायला लागत असल्याने तिच्या चोरीचा वेगळा हिशेब होता : बाईच्या जोड्यापुरती साल काढली तर गाईचे कातडे, पुरुषाच्या जोड्यापुरती काढली तर बैलाचे. शिवाय अपराध्याने उघड्या पडलेल्या जागी मऊ माती, शेण व ताजे दूध यांचा लेप द्यायचा. सालीखालचा जिवंत थर सुकला की झाडाचे अन्न मुळांकडे जाणे थांबते. लेपाचा हेतू तो थर ओला ठेवण्याचा असावा.

या यादीत हॉथॉर्न हे काटेरी झाड दुसऱ्या वर्गात आहे. पुढे ज्या झाडाला आयरिश शेतकरी सर्वांत जास्त भिऊ लागला, त्याला कायद्याने कुळाची जागा दिली होती. कायदा लाकूड व फळे मोजत होता. भीतीचे मोल त्यात धरलेले नव्हते.

बिले : पवित्र ठरलेल्या एकेका झाडाला जुन्या आयरिशमध्ये ‘बिले’ म्हणत. ते कोणत्याही जातीचे असू शके. मध्ययुगीन परंपरेत आयर्लंडचे पाच महावृक्ष सांगितले आहेत : एओ मुग्ना हा ओक, एओ रोसा हा यू, आणि बिले टोर्टन, क्रेब दाथी व क्रेब उश्निग हे तीन ॲश. एओ मुग्नाला ओकची फळे, सफरचंदे व हेझलची फळे अशी तिन्ही लागत, असे वर्णन आहे. एओ रोसा संत लाश्रेनच्या प्रार्थनेने कोसळला आणि त्याच्या लाकडातून संत मोलिंगने आपल्या प्रार्थनागृहाचे छप्पर केले, अशी आख्यायिका आहे. जुने पावित्र्य नव्या धर्माने वासे-तुळयांसकट उचलले, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी कथा क्वचितच सापडेल.

राजांचा अभिषेक बिलेखाली होई, म्हणून शत्रूचे झाड तोडणे हा मोठा अपमान होता. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील माग आइर येथे दाल गाश कुळाच्या राजांचा अभिषेक होई. तिथले झाड दहाव्या शतकाच्या अखेरीस माएल शेखनल राजाने मुळासकट उपटले. ११११ मध्ये अल्स्टरच्या लोकांनी टलाहोग या शत्रूच्या अभिषेकस्थानची झाडे तोडली, आणि बदल्यात त्यांची गुरे पळवली गेली. गावांच्या नावांत ही झाडे अजून आहेत : रथविली व मोव्हिला यांत ‘बिले’, किल्डेअर व डेरी यांत ओक, मेयो व न्यूरी यांत यू.

एकाकी हॉथॉर्न : हेच हॉथॉर्न कुंपणाला लावले तर दरवर्षी निःशंक छाटले जाते. शेताच्या मध्यभागी किंवा जुन्या मातीच्या गढीवर एकटेच उगवलेले मात्र ‘शी’ म्हणजे परलोकीच्या लोकांचे मानतात. ते तोडले, फांदी मोडली किंवा त्यावर धुणे वाळत घातले तर गुरे मरतात, माणूस आजारी पडतो किंवा अंग वाकडे होते, अशी समजूत. आयर्लंडमध्ये अशा गढ्या सुमारे ४५,००० आहेत. नांगर तिथे जात नाही, बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पडते, आणि काट्यांमुळे गुरे रोप फारसे खात नाहीत; त्यामुळे गढीवर हॉथॉर्न टिकून राहते आणि समजूत व झाड दोघेही एकमेकांना राखतात.

फुलोरा मे महिन्यात येतो. बेल्टेन म्हणजे १ मे रोजी फांद्या दाराबाहेर लावत, पण घरात आणत नसत. आणल्यास मृत्यू येतो असे म्हणत. फुलांत ट्रायमेथिलअमाइन असते आणि कुजणाऱ्या मांसातूनही तेच सुटते. मृतदेह घरातच ठेवण्याच्या काळात तो वास लोकांच्या ओळखीचा होता. घरात आणण्याची मनाई त्यातून आली असावी, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

१९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथे नव्या महामार्गाच्या वाटेत एक हॉथॉर्न येत होते. कथाकार एडी लेनिहन यांनी ते तोडण्याला जाहीर विरोध केला आणि रस्त्याची आखणी झाड वाचवून करण्यात आली. २००२ मध्ये अज्ञात व्यक्तीने करवतीने त्याच्या फांद्या उडवल्या. तरी ते पुन्हा फुटले. हॉथॉर्नच्या बुंध्यात सुप्त डोळे असतात, त्यामुळे ही जात छाटणी सहज सोसते.

विहिरीवरची चिंधी : पवित्र विहिरीजवळच्या झाडाला चिंध्या बांधण्याची चाल आयर्लंड, स्कॉटलंड व कॉर्नवॉलमध्ये आहे. स्कॉटलंडमधील मनलॉकी आणि कॉर्नवॉलमधील मॅड्रन ही त्यांतली प्रसिद्ध ठिकाणे. क्रम साधारण असा : विहिरीभोवती सूर्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून, ठरावीक फेऱ्या (बहुधा तीन) घालायच्या, रुग्णाच्या अंगावरच्या कपड्याची पट्टी पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागेवरून फिरवायची, मग झाडाला बांधून मागे सोडून यायचे. कापड जसजसे कुजेल तसतसे दुखणे सरते. आपल्याकडच्या नवसाच्या चिंधीशी साम्य दिसले तरी इथला कणा कुजण्यात आहे, आणि दुसऱ्याची चिंधी सोडली तर त्याचे दुखणे आपल्याला लागते असे मानतात.

विधी बिघडतो तो इथेच. नायलॉन, पॉलिएस्टर, प्लॅस्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. घट्ट गाठ वाढत्या फांदीत रुतते, सालीतून उतरणारे अन्न अडते आणि फांदी वाळते. म्हणून लोकर, सुती किंवा लिननची अरुंद पट्टी सैल बांधावी, कोवळ्या शेंड्यावर बांधू नये.

नाण्यांनी याहून मोठी हानी केली. स्कॉटलंडमध्ये लॉक मरी सरोवरातील बेटावर संत मेलरुबाच्या विहिरीजवळ एक ओक होता. त्याला आधी चिंध्या व खिळे, पुढे नाणी ठोकली जाऊ लागली. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीनेही तिथे भेट दिली. झाड मेले, आणि त्याचा दोष सहसा नाण्यांतील तांब्याला दिला जातो. आयर्लंडमध्ये क्लोनेना येथील संत फिंटनचे सिकॅमोर असेच नाण्यांनी भरले आणि १९९४ मध्ये कोसळले. बुंध्यातून नवे फुटवे आले.

ए. टी. लुकस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयर्लंडच्या पवित्र वृक्षांवरील अभ्यासात २१० विहिरींजवळच्या झाडांची मोजणी आहे. त्यांत १०३ हॉथॉर्न, ७५ ॲश आणि ओक अवघे सात. ड्रुइड आणि ओक यांची जोडी डोक्यात घेऊन येणाऱ्याने हे आकडे आधी पाहावेत.

रोवन : लाल फळांचे हे डोंगरी झाड गोठा व लोणी यांचे राखणदार. बेल्टेनच्या सुमारास दूध ‘चोरले’ जाते, म्हणजे कितीही घुसळले तरी लोणी येत नाही, अशी भीती असे. म्हणून रोवनची डहाळी घुसळणीच्या भांड्याला किंवा गाईच्या शेपटीला बांधत. स्कॉटलंडमध्ये तिच्याबरोबर लाल धागा लागतो. आइल ऑफ मॅनवर ‘क्रॉश किर्न’ नावाचा क्रूस करतात : दोन डहाळ्या हाताने मोडायच्या, सुरी लावायची नाही, कुंपणाला अडकलेल्या मेंढीच्या लोकरीने मध्यावर बांधायच्या आणि ३० एप्रिलच्या संध्याकाळी दाराच्या आतून वर लावायच्या. वर्षभराने जुना काढून नवा.

ओघम व ‘वृक्षपंचांग’ : ओघम ही आयरिश लिपी मुख्यतः चौथ्या ते सातव्या शतकांतील दगडांवर आढळते, असे सुमारे ४०० दगड ज्ञात आहेत. मूळ २० अक्षरे, पाच-पाचांचे चार गट. दगडाची कड हीच आधाररेषा. तिच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा तिरक्या आरपार एक ते पाच रेघा, आणि स्वरांसाठी कडेवर खाचा. वाचन खालून वर. मजकूर बहुतेक वेळा ‘अमक्याचा मुलगा अमका’ एवढाच असतो. त्यात वृक्षपूजा नाही.

अक्षरांच्या नावांपैकी बेथे (बर्च), फेर्न (आल्डर), साल (विलो), दुर (ओक), कोल (हेझल) ही झाडे आहेत. पण गोर्ट म्हणजे शेत, मुइन म्हणजे मान, स्ट्राइफ म्हणजे गंधक. सगळ्याच नावांना झाडे चिकटवण्याचे काम मध्ययुगीन टीकाकारांनी केले. मुइनला द्राक्षवेल दिली, जी आयर्लंडच्या रानात नव्हतीच.

त्यावर तेरा महिन्यांचे वृक्षपंचांग रचले इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी, १९४८ मध्ये. २८ दिवसांचे तेरा महिने आणि एक उरलेला दिवस, आरंभ डिसेंबरच्या अखेरीस बर्चपासून. जन्मतारखेवरून ‘तुमचे केल्टिक झाड’ सांगणारी बरीच भविष्ये इथून निघाली आहेत. प्रत्यक्ष केल्टिक पंचांग १८९७ मध्ये फ्रान्समध्ये कोलिन्यी येथे काशाच्या पत्र्याच्या तुकड्यांत सापडले. त्यात बारा चांद्रमास आहेत, पाच वर्षांत दोन अधिक महिने घालून एकूण ६२ महिने होतात, आणि महिन्यांना झाडांची नावे दिलेली नाहीत.

सद्यःस्थिती : आयर्लंडमध्ये २०१२ मध्ये ॲशचा शेंडेमर रोग आढळला. त्याची बुरशी पानांतून शिरते आणि शेंड्याकडून झाड वाळवत आणते. हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाच्या काठ्या ॲशच्या बुंध्याच्या तळच्या, मुळांकडे वळणाऱ्या भागातून कापतात, कारण तिथे लाकडाची रेषा काठीच्या वाकाबरोबर वळते आणि फटक्याने काठी फुटत नाही. आता हे लाकूड बरेचसे आयात होते, आणि बांबू व कृत्रिम साहित्याच्या काठ्याही वापरात आल्या आहेत. विहिरींवरच्या ॲशला तसा पर्याय नाही. जुना वृक्ष पडल्यावर त्याच जागी दुसरे झाड लावायचे झाल्यास, मोजणीत पहिले आलेले हॉथॉर्न तिथल्या हवामानात सहज रुजते.